लोह तेच, वेष्टन वेगळं

पोशेऱ्यासारख्या मोखाडा तालुक्यातल्या गावात गरोदर बाईचं एचबी गोळ्यांनी वाढेना, बाळंतपण जवळ आलं, की आयर्न सुक्रोजचं सलाईन लावावं लागतं. तपकिरी बाटली पाहून 'रक्त चढवलं' असा निरोप घरी जातो. ते रक्त नसतं. 100 मिलिलिटर सलाईनमध्ये साधारण 200 मिलिग्रॅम लोह मिसळलेलं असतं, रंग त्या लोहाचा.

'लोखंडाचं पाणी शिरेत सोडतात' या समजुतीतून मात्र भीती वाढते. मोकळं लोह थेट रक्तात गेलं तर विषारीच ठरेल. म्हणून औषधात लोहाचे काही नॅनोमीटरचे कण असतात आणि त्यांच्याभोवती साखरेचं वेष्टन. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशी हे कण गिळतात, आतलं लोह सोडवतात. मग ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते रक्त तयार होण्याच्या जागी पोचवतं. यात वेळ जातो, म्हणून दुसऱ्याच दिवशी एचबी तपासून 'गुण आला नाही' म्हणणं चुकीचं.

'लोह ते लोह, मग सगळं एकदमच द्या ना!' मजुरी बुडवून, गाडीभाडं भरून पुन्हा पुन्हा येणाऱ्या बाईचं हे म्हणणं अगदी रास्त आहे. पण सुक्रोजचं वेष्टन सैल असतं. मात्रा वाढवली की मोकळं लोह रक्तात उतरतं, म्हणून ते दिवसाआड थोडं थोडं देतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचं वेष्टन घट्ट, त्यामुळे 1000 मिलिग्रॅमपर्यंत लोह एकाच वेळी, 15 मिनिटांत देता येतं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र तेही टाळतात. जुन्या, जड डेक्स्ट्रानच्या वेष्टनामुळे काहींना जीवघेणी ॲलर्जी होई. शिरेतून लोह देण्याचं नाव तिथूनच खराब झालं. आजही कुठलंही लोह दिल्यावर अर्धा तास नजरेखाली थांबवतात, ते सोडून निघू नये.

अंगाला चुंबक चिकटेल का? नाही. आयर्न सुक्रोज तसं चुंबकीय नसतं. फेरुमॉक्सिटॉल या शिरेतून द्यायच्या दुसऱ्या लोहाचे कण मात्र खरोखर चुंबकीय. अमेरिकेत 2009 साली त्याला मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या ॲनिमियासाठी मान्यता मिळाली. चुंबक त्यानेही चिकटत नाही, पण एमआरआयच्या चित्रात तीन महिन्यांपर्यंत फरक दिसू शकतो. एमआरआयसाठीच बनवलेल्या कणांत तर आकार आणि वेष्टन बदललं की मुक्कामही बदलतो: काही कण मिनिटांतच यकृतात शिरतात, तर काही कण दिवसभर रक्तात फिरून लसिका ग्रंथींपर्यंत जातात.

त्यामुळे माता-बाल संरक्षण कार्डावर नुसतं 'आयर्न दिलं' लिहून भागत नाही. आशाताईंनी, सिस्टरांनी औषधाचं पूर्ण नाव, मात्रा आणि तारीख लिहावी. पुढचा डोस जव्हारला घ्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना हेच आधी हवं असतं.