समुद्राचे पाणी रंग बदलते तेव्हा मासळी व्यापाऱ्याने काय पाहावे?

लातूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही आपल्या बाजारात सुकट, जवळा, बोंबील विकले जातात आणि बर्फातील मासळीच्या पेट्याही उतरतात. हा माल ज्या समुद्रातून येतो त्यावर पाळत ठेवण्याचे काम मात्र आपल्या ओळखीच्या शहरात, हैदराबादेत चालते. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच ‘इन्कॉइस’, ही केंद्र सरकारची संस्था १९९९ साली तेथे सुरू झाली. मासळी कोठे मिळेल याचा अंदाज ती मच्छीमारांना देते. समुद्रात अचानक वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाची माहितीही देते.

हे शेवाळ डोळ्यांना सुटे दिसत नाही. एरवी ते मासळीचे मूळ खाद्यच आहे. ऊन, संथ पाणी आणि पोषक द्रव्ये एकत्र आली की ते झपाट्याने वाढते व पाणी हिरवे, तांबडे किंवा तपकिरी होते. अशी प्रत्येक वाढ घातक नसते. काही जाती मात्र विष तयार करतात, तर काही पाण्यातील प्राणवायू घटवून मासे मारतात.

विषाचा मोठा धोका शिंपले, तिसऱ्या व कालवे यांत असतो, कारण हे जीव पाणी गाळून अन्न घेतात आणि विष त्यांच्या अंगात साठते. केरळमधील विझिंजम येथे १९९७ साली असे शिंपले खाल्ल्याने सात जण दगावले व शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. हे विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही आणि शिजवूनही जात नाही.

पाळत दोन प्रकारे ठेवली जाते. उपग्रह समुद्राच्या रंगावरून शेवाळ किती व कोठे आहे ते टिपतो. पण पावसाळ्यात ढग आड येतात आणि शेवाळ विषारी आहे की नाही हे उपग्रहाला कळत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि शिंपल्यांचे मांस प्रयोगशाळेत तपासावे लागते. ईशान्य अरबी समुद्र, केरळचा किनारा, मन्नारचे आखात आणि ओडिशातील गोपाळपूर या भागांकडे ‘इन्कॉइस’ विशेष लक्ष देते.

व्यापाऱ्याला याचा उपयोग दुहेरी आहे. एक, खराब माल टाळता येतो. माल कोणत्या बंदरातला व कोणत्या तारखेचा, हे घाऊक व्यापाऱ्याला विचारावे आणि पावती जपून ठेवावी. किनाऱ्यावर मेलेली मासळी लागल्याची बातमी असताना फार स्वस्तात मिळणारा माल, ताजा असो की सुका, घेऊ नये. दुसरे, अफवेला उत्तर देता येते. “समुद्र हिरवा झाला” एवढ्या बोलण्यावर गिऱ्हाईक आठवडाभर फिरकत नाही आणि हातगाडीवाल्याचे भांडवल बर्फात वितळते. अशा वेळी मालाचे बंदर सांगून पावती दाखवता आली, तर धंदा सावरतो.

ठेक्याने तलाव घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात पाणी गर्द हिरवे झाले आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर प्राणवायू कमी पडला असे समजावे. शेणखत व खाद्य लगेच थांबवावे, ताजे पाणी सोडावे आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे.