मांडव उभा राहण्यापूर्वी

घरात लग्न निघाले की एखादे काका किंवा मामा कार्याची सारी सूत्रे हाती घेत. आचाऱ्याला विसार देण्यापासून वऱ्हाडाच्या परतीच्या गाडीपर्यंत सारा तपशील त्यांच्या खिशातील एका डायरीत असे. ती डायरी आता इव्हेंट मॅनेजमेंट या व्यवसायाकडे गेली आहे. व्यवस्थापन, जनसंवाद किंवा हॉटेल व्यवस्थापन शिकणारी मुले-मुली या व्यवसायात इंटर्नशिपसाठी, जुन्या शब्दात सांगायचे तर उमेदवारीसाठी, जाऊ लागली आहेत. पाल्य रात्री दीड वाजता घरी येतो, पाय सुजलेले असतात, आणि ‘आज काय शिकलास?’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही. अशा वेळी आई-वडिलांच्या मनात शंका उभी राहते. ती शंका निराधार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अशा प्रत्यक्ष कामाला पदवी अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले. एका श्रेयांकाला ३० तासांचे काम धरले, तर चार श्रेयांकांसाठी १२० तास होतात. एखाद्या कार्यालयात रोज आठ तासांप्रमाणे हे काम पंधरा दिवस चालते. लग्नसोहळ्यांचे नियोजन करणाऱ्या कंपनीत हिशेब निराळा आहे. दोन दिवसांच्या एका लग्नात पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत रोज सोळा तास उभे राहिले की ३२ तास भरतात. चार लग्ने झाली की श्रेयांक पूर्ण! प्रमाणपत्र हाती येते, अहवालाला छायाचित्रेही भरपूर जोडता येतात. मात्र या चार लग्नांत विद्यार्थ्याने पाहुण्यांच्या यादीवर खुणा केलेल्या असतात, खोल्यांमध्ये भेटवस्तूंच्या टोपल्या पोहोचवलेल्या असतात आणि वॉकी-टॉकी घेऊन धावाधाव केलेली असते. स्वागतद्वार त्याच जागी का ठेवले, जनरेटर मांडवापासून इतका लांब का नेला, जेवणाची वेळ कोणी व कशी ठरवली, यांतले काहीच त्याच्या नजरेस पडलेले नसते.

उमेदवाराने खुर्च्या उचलाव्यात, यात कमीपणा मुळीच नाही. खुर्च्या न उचलता जो या धंद्यात वर चढतो, त्याला मांडवातील कामगारांचा वेळ आणि घाम यांचा अंदाज पुढेही येत नाही. पण केवळ खुर्च्या उचलून नियोजन शिकता येत नाही, हेही तितकेच खरे. या व्यवसायाची खरी विद्या मांडव उभा राहण्यापूर्वीच्या आठवड्यांत असते.

त्या आठवड्यांची सुरुवात जागेच्या पाहणीने होते. व्यवसायात तिला ‘रेकी’ म्हणतात. मापाची टेप घेऊन लॉनवर फिरायचे. सामानाचा ट्रक फाटकातून आत येईल का, कमानीची उंची किती, पाण्याची जोडणी कोठे आहे, पावसाचे पाणी कोणत्या बाजूला साचेल, आचाऱ्यांच्या भट्ट्या कोठे लागतील आणि त्यांचा धूर पाहुण्यांकडे जाणार नाही ना, हे सारे तेथेच पाहून टिपून घ्यायचे. विजेची तार पाहुण्यांच्या वाटेवरून जाणार असेल, तर ती झाकायची कशी, हेही तेव्हाच ठरते. एक रेकी अनुभवी माणसाबरोबर केलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही मंगल कार्यालयात पाऊल टाकताच आधी बाहेर पडण्याचे दरवाजे मोजतो.

त्यानंतर दरपत्रके मागवणे, त्यांची तुलना, आगाऊ रकमेच्या तारखा आणि परवानग्या. परवानग्यांचे काम रुक्ष वाटते, म्हणून उमेदवारांना त्यापासून दूर ठेवले जाते. वास्तविक तेच त्यांना आधी द्यावे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार उघड्यावरील ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावे लागतात. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. पण ते दिवस सण-उत्सवांसाठी असतात, कोणाच्या वरातीसाठी नव्हेत. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतालचे १०० मीटर राज्य शासन शांतता क्षेत्र म्हणून घोषित करू शकते. लग्नसमारंभात वाजणाऱ्या गाण्यांना कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. त्याच सभागृहात दुसऱ्या दिवशी एखाद्या कंपनीचा मेळावा असेल, तर त्याला ती लागू होत नाही. पोलीस ठाण्यासाठीचा अर्ज ज्याने स्वतः लिहिला, त्याला हे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आणि मग वेळापत्रक. व्यवसायात याला रन शीट म्हणतात. ते सुरुवातीकडून शेवटाकडे न लिहिता शेवटाकडून मागे लिहायचे असते. जैन घरांतील मुलांना ही रीत लहानपणापासून ठाऊक आहे, फक्त तिचे इंग्रजी नाव त्यांना माहीत नसते. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाचा स्वागतसमारंभ डिसेंबरात पुण्यात असेल, तर सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. सर्वसाधारण नमुन्यातील ‘रात्री साडेआठ वाजता भोजन’ ही ओळ तेथे निरुपयोगी. पाहुणे सहाशे आहेत आणि सर्वांचे जेवण पावणेसहाला उरकायचे आहे, असे धरू. एका माणसाला ताट वाढून घ्यायला एक मिनिट लागत असेल, तर एका रांगेतून तासाभरात साठ जण पुढे सरकतात. तासाभरात सहाशे जणांना वाढायचे, तर दहा रांगा हव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंनी घेता येतील असे पाच काउंटर. शेवटच्या पाहुण्याला जेवायला अर्धा तास द्यायचा, तर वाढप सव्वापाचला संपले पाहिजे, म्हणजेच सव्वाचारला सुरू झाले पाहिजे. त्यासाठी आचाऱ्याची भाजी साडेतीनला तयार हवी, भाजीपाला सकाळीच आलेला हवा. मुहूर्त, छायाचित्रे आणि नवदांपत्याचे कपडे बदलणे हे सारे या चौकटीत बसवायचे. छायाचित्रकार अर्धा तास मागतो, तो कोठून द्यायचा?

या ठिकाणी घरचे ज्ञान व्यवसायाचे भांडवल ठरते. बटाटा, गाजर, बीट वर्ज्य म्हणजे केवळ एक वेगळी भाजी करणे नव्हे. कांदा-लसूण घातलेल्या भाजीचा झारा दुसऱ्या भांड्यात जाऊ नये, यासाठी काउंटर, वाढपी आणि धुण्याची जागा या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मिश्र पाहुण्यांच्या समारंभात ‘जैन’ अशी पाटी लावलेला काउंटर मांडवाच्या कोपऱ्यात ढकललेला दिसतो आणि वृद्ध पाहुणे तेथवर चालत जातात. आराखड्यातच हे लक्षात आणून देणारा उमेदवार कोणत्याही कंपनीला हवा असतो.

नियोजनाच्या आठवड्यांना इतके महत्त्व देण्याचे कारण केवळ उत्तम जेवण हे नाही. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या वार्षिक समारंभात मांडवाला आग लागली. मांडव कृत्रिम धाग्याच्या कापडाचा होता आणि बाहेर पडायला वाट अपुरी होती. चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुसंख्य मुले होती. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारच्या उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. कापड कोणते, दरवाजे किती, वेळ कोणती, सावली व पाणी कोठे, हे प्रश्न समारंभाच्या दिवशी सुटत नाहीत. ते रेकीच्या टिपणातच सुटलेले असावे लागतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या व्यवस्थापनाविषयी २०१४ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. महाविद्यालयांनी इंटर्नशिपला पाठवण्याआधी ती विद्यार्थ्यांकडून वाचून घेतली, तर पुष्कळ काम होईल.

काळ निवडतानाही थोडा विचार हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि पुन्हा एप्रिल-मे हा लग्नांचा हंगाम. विद्यापीठांच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात आणि उन्हाळी सुट्टीत गेलेल्या विद्यार्थ्याला कंपनीत श्वास घ्यायला फुरसत असलेला माणूस भेटत नाही. चातुर्मासात बहुतेक घरांत विवाह होत नाहीत. त्या शांत महिन्यांत हिवाळ्यातील कार्यांची दरपत्रके, पाहण्या आणि आराखडे चालू असतात. आठवड्यातून दोन दिवस त्या काळात गेलेला विद्यार्थी आणि मग त्याच आराखड्यांतील एखादे लग्न डिसेंबरात उभे राहताना पाहणारा विद्यार्थी, असा क्रम साधला तर १२० तास सार्थकी लागतात. छायाचित्रे थोडी कमी मिळतील, एवढेच.

काही गोष्टी पालकांनी संकोच न करता आधीच विचाराव्यात. किती तास कार्यालयात आणि किती तास समारंभस्थळी, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून मिळेल का? मानधन नसेल, तर निदान प्रवासखर्च व जेवण मिळेल का? रात्री काम संपल्यावर घरी सोडण्याची जबाबदारी कोणाची? मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न पहिला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, आणि कामानिमित्त जावे लागलेली जागा व मालकाने दिलेले वाहन हीदेखील त्या कायद्यात कामाची जागाच मानली जाते. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील, तर तेथे तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ‘तुमच्याकडे समितीवर कोण आहे?’ या साध्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर पाल्यासाठी दुसरी जागा पाहावी.

आणखी एक विनंती विद्यार्थ्याने स्वतः करावी, आणि ती सहसा कोणी करत नाही. मांडव उतरल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिशेब होतो. ठरलेल्या साडेपाचशे ताटांऐवजी सहाशे वीस लागली, जनरेटर दोन तास जास्त चालला, फुलांचा एक भार उशिरा आला म्हणून त्याची किती रक्कम कापायची, खुर्च्यांपैकी सात मोडल्या त्या कोणाच्या माथी, यावर यजमान, केटरर, मांडववाले आणि कंपनी यांच्यात घासाघीस होते. त्या दिवशी टेबलाच्या कडेला बसून वहीत आकडे उतरवून घेण्याची परवानगी मागावी. बहुतेक जण ‘तुझे काय काम?’ असे म्हणतील. एखादा म्हणेल, बस.