गाय गरीब असती, पर...

शांत स्वभावाच्या माणसाला आपण ‘गरीब गाय’ म्हणतो. हा शब्दप्रयोग रूढ करणाऱ्याने नुकती व्यालेली गाय जवळून पाहिली नसावी.

१९८०नंतरच्या दशकात मी बँकेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून गाई-म्हशींसाठी कर्ज दिले जाई. जनावर जागेवर आहे की नाही, हे त्याच्या कानातला विम्याचा बिल्ला वाचून ताडून पाहावे लागे. म्हसवडजवळच्या एका वस्तीवर मी असाच पाठीमागून गोठ्यात शिरलो. बिल्ल्याचा नंबर दिसण्याआधीच गुडघ्यावर लाथ बसली.

कर्जदार आक्का धावत आल्या. “सायेब, मागनं जायचं नसतंय. अन् परवाच व्यालीया ती. गाय गरीब असती, पर आई नसती!”

आक्कांच्या बोलण्यात शास्त्र होते. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तिला जवळजवळ चौफेर दिसते. दिसत नाही ते थेट पाठीमागचे. तिथे काही हलले की ती आधी लाथ झाडते, मग वळून पाहते. ही लाथ बाजूलाही फिरते, म्हणून कुशीला उभा राहणाराही सुटत नाही. माणदेशाची शान असलेला खिलार बैल तर चपळ, बुजरा आणि टोकदार शिंगांचा. त्याचा कासरा मनगटाला गुंडाळला आणि तो उधळला, तर माणसाची फरफट ठरलेली.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यांना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात बैलांच्या हालांची खूप चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण धार काढताना हात मोडलेल्या बाईची बातमी कुठे येते?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जनावराच्या हल्ल्यातला मृत्यू धरलेला आहे. वारसांना २ लाख रुपये मिळतात. मात्र ही मदत सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यापुरतीच. आक्कांना जमीनच नव्हती.

थंडीत माझा गुडघा अजून ठणकतो. सुट्टीत मुलांना गावी नेलेत तर एवढे जरूर शिकवा : जनावराला आधी हाक मारावी, मग त्याला दिसेल अशा बेताने खांद्याच्या बाजूने जवळ जावे आणि वासराच्या व आईच्या मध्ये कधी येऊ नये.

आक्कांच्या गाईच्या कानात विम्याचा बिल्ला होता. रोज पहाटे तिच्या पायाशी बसणाऱ्या आक्कांचा विमा उतरवावा, हे मात्र तेव्हा माझ्याही मनात आले नव्हते.