‘विका’ म्हटले तरी भाव का वाढतो?

झाशीच्या गजबजलेल्या इलाइट चौराह्यापासून काही किलोमीटरवर, ललितपूर रस्त्यालगत ‘भारत हेवी इलेक्ट्रिकल्स’ अर्थात ‘भेल’ या सरकारी कंपनीचा कारखाना आहे. येथे रोहित्रे व रेल्वेची विद्युत इंजिने तयार होतात. मार्च 2023 मध्ये सुमारे 70 रुपयांना मिळणारा या कंपनीचा समभाग जुलै 2024 मध्ये 335 रुपयांवर पोहोचला. विशेष म्हणजे, या तेजीच्या काळात अनेक दलाली पेढ्यांनी त्याला ‘विका’ असेच मानांकन दिले होते.

मानांकनाचा अर्थ

विश्लेषक कंपनीच्या भावी नफ्याचा अंदाज बांधून साधारणतः पुढील बारा महिन्यांसाठी भावाचे लक्ष्य ठरवतात. चालू भाव त्याहून बराच वर असल्यास ‘विका’ असा सल्ला दिला जातो. हा निवाडा कंपनीच्या दर्जाचा नसून भावाचा असतो. 2023-24 मध्ये भेलला 77 हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची कंत्राटे मिळाली. नफा मात्र घटला. खरेदीदारांनी कंत्राटांकडे पाहिले, तर सावध विश्लेषकांनी नफ्याकडे.

मानांकन उंचावल्यास भाव त्या दिवशी उसळू शकतो. मात्र आधीच चढलेल्या भावामागे लक्ष्यही केवळ वाढवले गेले असेल, तर त्यात नवी माहिती नसते.

घसरण कशामुळे?

4 जून 2024 रोजी, लोकसभा निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स 4,389 अंशांनी कोसळला. भेलसह सरकारी कंपन्यांच्या समभागांना मोठा फटका बसला. कंपनीची कंत्राटे त्यामुळे रद्द झाली नव्हती. जुलैच्या पूर्वार्धात भाव 335 रुपयांवर गेला. त्यानंतरची उतरण मात्र दीर्घ ठरली. मार्च 2025 मध्ये भाव 180 रुपयांच्या आसपास आला व पुढे पुन्हा सावरला.

या चढउतारात 70 रुपयांना खरेदी करणारा नफ्यातच राहिला. 335 रुपयांना खरेदी करणाऱ्याचे सुमारे 46 टक्के मूल्य घटले. ते भरून निघण्यासाठी भावात 86 टक्के वाढ आवश्यक होती.

म्हणूनच मानांकनापेक्षा त्यामागील कारण महत्त्वाचे ठरते. ‘सेबी’च्या 2014 च्या नियमांनुसार विश्लेषकांना आपले आर्थिक हितसंबंध अहवालात जाहीर करावे लागतात. छोट्या गुंतवणूकदाराने लक्ष्याच्या आकड्याआधी तो मजकूर वाचणे हिताचे.