हॉटेलचं व्हाउचर : फुकट कोण देतं?

गेल्या वर्षी अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, उमराहला निघाल्या. टूरवाल्यांनी सर्वांना पहाटे चार वाजता मुंबई विमानतळावर जमायला सांगितलं होतं. नगरहून मुंबई म्हणजे सहा-सात तासांचा रस्ता. अम्मींचे गुडघे दुखतात. रात्रभर गाडीत बसवून त्यांना तसंच विमानात चढवायचं, हे कोणालाच पटेना. म्हणून माझ्या पतींनी विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात आदल्या रात्रीसाठी दोन खोल्या घेतल्या.

अम्मी पलंगाच्या कडेला बसल्या. पांढऱ्या शुभ्र चादरीवरून हात फिरवला आणि विचारलं, "किती घेतले रे याचे?"

"काही नाही अम्मी. माझे पॉइंट साठले होते, त्यात झालं."

"म्हणजे फुकट?"

"हो, फुकटच."

"फुकट कोण देतं, बेटा?"

हे हसले, मलाही हसू आलं. अम्मी इशाची नमाज पढून शांत झोपल्या. पण तो प्रश्न आमच्याबरोबर नगरला परत आला. हॉटेलचे पॉइंट, कूपन, व्हाउचर हे सगळं आता आपल्या घरांतही येऊ लागलं आहे. कोणाचा मुलगा कंपनीच्या कामाने फिरतो, कोणाचा भाऊ दुबईला आहे, कोणाला बँकेच्या कार्डावर काहीतरी मिळतं. ते कसं मिळतं, कसं वापरायचं आणि मुळात ते कोणाचं असतं, हे जरा समजून घेऊ या.

हॉटेलवाल्याला काय मिळतं?

नेहमीच्या गिऱ्हाइकाला बक्षीस द्यायची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आधी विमान कंपन्यांनी आणली. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांवर मोफत तिकिटं देण्याची योजना काढली. दोनच वर्षांत हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्यांनीही तसंच सुरू केलं. आज मॅरियटची योजना 'बॉनव्हॉय', हिल्टनची 'ऑनर्स', अकोरची 'ऑल' या नावांनी चालते. आपल्याकडे ताज हॉटेलांची कंपनी टाटांच्या 'न्यू' योजनेत आहे. तिथे एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, असा सरळ हिशेब आहे.

यामागचं गणित मला माझ्या दिराने समजावलं. तो शिर्डीच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करतो. तो म्हणाला, "भाभी, दुकानातलं लुगडं आज विकलं नाही तर उद्या विकता येतं. पण आजच्या रात्रीची खोली रिकामी राहिली, तर ती रात्र कायमची गेली." शिर्डीत गुरुवारी आणि शनिवार-रविवारी गर्दी असते. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि वर्षाअखेर तर पाय ठेवायला जागा नसते. पण साध्या सोमवार-मंगळवारी खोल्या रिकाम्या असतात. रिकाम्या खोलीत पाहुणा आला तर हॉटेलचा खर्च फक्त सफाईचा, पाण्याचा, विजेचा. पाहुणा जेवला तर तेवढी कमाई. शिवाय पुढच्या वेळी तो पैसे देऊन त्याच हॉटेलात येण्याची आशा. म्हणून व्हाउचर मिळतं ते रिकाम्या दिवसांचं, आणि 'या तारखांना चालणार नाही' अशी यादी त्याला जोडलेली असते.

पॉइंट जमवताना

अशा योजनांचं सभासदत्व फुकट असतं. हॉटेलच्या अॅपवर किंवा रिसेप्शनवर नाव नोंदवलं की नंबर मिळतो. तुम्ही वर्षातून दोनदाच हॉटेलात राहत असाल, तर चार कंपन्यांचे नंबर घेण्यापेक्षा एकाच कंपनीत जमवा.

पॉइंट बहुतेक वेळा खोली थेट हॉटेलकडून घेतली तरच मिळतात. स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्या संकेतस्थळावरून खोली घेतली, तर पॉइंट विसरा. मात्र तिथली बचत पॉइंटच्या किमतीपेक्षा मोठी असेल, तर सरळ बचत घ्यावी.

'दुप्पट पॉइंट' किंवा 'दोन मुक्कामांवर एक रात्र मोफत' अशा जाहिराती येतात. त्यांत बऱ्याचदा आधी नाव नोंदवावं लागतं. मुक्काम झाल्यावर नोंदवलं तर मिळत नाही. मुक्कामानंतर पंधरा दिवसांनी खातं उघडून पॉइंट जमा झाले का ते पाहा आणि तोवर बिल जपून ठेवा.

बॉनव्हॉयच्या बहुतेक हॉटेलांत एका डॉलरच्या खर्चामागे १० पॉइंट मिळतात. एकाच सभासदाने स्वतः राहून तीन खोल्यांपर्यंतचं बिल भरलं, तर त्या सगळ्यांचे पॉइंट त्याला मिळतात. घरचे सगळे मिळून लग्नाला जाताना हे लक्षात ठेवावं. अकोरमध्ये २,००० पॉइंट झाले की बिलातून ४० युरो कमी होतात. हिल्टनमध्ये स्वतः धरून ११ जणांपर्यंत पॉइंट एकत्र करता येतात. अब्बा, दोन मुलं आणि जावई यांचे थोडे थोडे पॉइंट मिळून एक रात्र निघू शकते.

ज्यांना अल्लाहच्या घरी जायचं आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कंपन्यांची हॉटेलं मक्का-मदिनेतही आहेत. मक्केत हरमला लागून असलेलं क्लॉक टॉवरमधलं फेअरमाँट आणि मदिनेतलं पुलमन झमझम ही दोन्ही अकोरची. हिल्टन आणि मॅरियटचीही तिथे हॉटेलं आहेत. ग्रुप टूरच्या पॅकेजमध्ये हॉटेल आधीच धरलेलं असतं, त्यामुळे तिथे पॉइंट वापरता येतीलच असं नाही. टूरवाल्याला पैसे भरण्याआधी विचारावं. आमच्यासारखी मुंबईतली एक रात्र मात्र सहज निघते.

व्हाउचर वापरताना

आमची एक फजिती सांगते. एका हॉटेलने यांना 'एक रात्र मोफत' असं व्हाउचर दिलं होतं. मी ते कपाटाच्या खणात, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं. डिसेंबरात मुलांना सुट्टी लागली तेव्हा बाहेर काढलं आणि फोन केला. उत्तर मिळालं, "२० डिसेंबर ते ५ जानेवारी चालणार नाही." मग फेब्रुवारीत केला. "दोघांसाठी आहे, मुलांच्या जादा पलंगाचे पैसे पडतील." म्हटलं, परीक्षा झाल्यावर बघू. एप्रिलमध्ये फोन केला तेव्हा मुदत ३१ मार्चलाच संपली होती. जपून ठेवलेली वस्तू वापरायच्या दिवशी निकामी निघाली. चूक माझी होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हे सगळं लिहिलेलं होतं, ते मी चार महिन्यांत एकदाही वाचलं नव्हतं.

तेव्हापासून व्हाउचर हाती आलं की मी पाच गोष्टी कॅलेंडरवर लिहून ठेवते :

• शेवटची तारीख कशाची आहे? खोली धरण्याची की प्रत्यक्ष राहण्याची?
• कोणत्या तारखांना आणि वारांना चालत नाही?
• किती माणसांसाठी आहे, आणि मुलांचं काय?
• नावावर आहे की घरातलं दुसरं कोणी वापरू शकतं?
• कर आणि नाश्ता त्यात आहे का?

कराचं विचारायलाच हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. 'निम्म्या दरात' मिळालेल्या महागड्या खोलीचं बिल कर धरून आपल्या नेहमीच्या हॉटेलपेक्षा जास्त होऊ शकतं. जेवणाचं व्हाउचर असेल तर मांस हलाल आहे का, हे जायच्या आधीच फोनवर विचारावं. टेबलावर बसल्यावर विचारण्यात अवघडल्यासारखं होतं.

पॉइंटनाही मुदत असते. बॉनव्हॉय आणि हिल्टनमध्ये २४ महिने काहीच व्यवहार झाला नाही तर पॉइंट बुडतात. अकोरमध्ये ही मुदत एका वर्षाची आहे.

बँकेच्या कार्डावर मिळणाऱ्या पॉइंटबद्दल एकच सांगते. बिल वेळेवर पूर्ण भरलं नाही, तर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज लागतं. व्याजापासून दूर राहण्याचा आपल्याला हुकूम आहेच, पण नुसता हिशेब पाहिला तरी हा सौदा तोट्याचा आहे.

नाव तेच, धंदा दुसरा

व्हाउचर या नावाखाली एक वेगळाच प्रकार चालतो. माझी नणंद त्यात सापडली. पेट्रोल पंपावर कोणीतरी तिच्याकडून लकी ड्रॉची चिठ्ठी भरून घेतली. आठवड्याने फोन आला, "तुम्हाला तीन दिवस, दोन रात्रींचं हॉलिडे व्हाउचर लागलंय. पती-पत्नी दोघांनी येऊन घेऊन जा." एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्यांना चार तास बसवलं. सरबत, गाणी, समोर हसतमुख मुलगा. "ही किंमत फक्त आजच्यापुरती" असं म्हणत दहा वर्षांच्या सहलींचं सभासदत्व ९०,००० रुपयांना गळ्यात मारलं. घरी येऊन कागद वाचला, तर दरवर्षी देखभालीचे पैसे वेगळे. आणि ते फुकटचं व्हाउचर? ते 'उपलब्धतेनुसार' होतं, आणि खोली कधी उपलब्ध झालीच नाही.

हॉटेलची योजना तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही. जिथे बक्षीस घ्यायला दोघांना बोलावतात आणि आजच सही करा म्हणतात, तिथून उठून यावं. पवित्र कुरआनातली सर्वांत मोठी आयत देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तोंडी जे कबूल केलं ते कागदावर लिहून देत नसतील, तर ते कबूल केलेलंच नाही असं समजावं.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. बक्षीस जाहीर करून ते देण्याचा इरादाच नसणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी दिल्लीची असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे, आणि ती 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवरूनही करता येते. नणंदेने तक्रार केली आहे. तारखा सुरू आहेत, पण कंपनीच्या माणसाचे आता स्वतःहून फोन येतात.

हे पॉइंट कोणाचे?

आता अम्मींच्या प्रश्नाकडे येते. माझे पती सुपा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहेत. मशीनच्या कामासाठी त्यांना चेन्नई, गुरुग्रामला जावं लागतं. बिल कंपनी भरते, पॉइंट यांच्या नावावर जमा होतात. म्हणजे अम्मी ज्या पलंगावर झोपल्या, त्याचे पैसे एका अर्थाने कंपनीने दिले होते.

नगरला परतल्यावर दोन दिवस हे गप्प होते. मग म्हणाले, "पॉइंटचं एक वेळ ठीक आहे. पण गुरुग्रामला मी तीन रात्री जास्त महागाच्या हॉटेलात राहिलो. कंपनीच्या यादीतलं हॉटेल १,८०० रुपयांनी स्वस्त होतं. दुप्पट पॉइंट होते, म्हणून मी हे घेतलं."

मी काही बोलले नाही. अमानत म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. कंपनीने विश्वासाने खर्च करायला दिलेला पैसा स्वतःच्या फायद्याकडे वळवला, तर तो फायदा हॉटेलने दिलेला नसतो, तो मालकाच्या खिशातून काढलेला असतो.

त्यांनी मनुष्यबळ विभागाला सगळं लिहून कळवलं आणि नियम विचारला. चार दिवसांनी उत्तर आलं. यादीतल्या हॉटेलात, ठरलेल्या रकमेत राहून मिळालेले पॉइंट कर्मचाऱ्याने ठेवण्यास हरकत नाही. रोख किमतीचं गिफ्ट व्हाउचर मिळालं तर कळवावं. जादा खर्चाचे ५,४०० रुपये यांनी परत भरले. अकाउंट्समधल्या माणसाला ते कोणत्या नावाखाली जमा करायचे हेच कळेना. असे पैसे परत आल्याचं त्याने पाहिलं नव्हतं.

प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. काही ठिकाणी पॉइंट कंपनीच्या कामासाठीच वापरावे लागतात. म्हणून विचारून घ्यावं, आणि उत्तर लेखी घ्यावं. विचारल्याने नोकरी जात नाही.

अम्मी तेव्हा मदिनेत होत्या. यांनी फोनवर सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चांगलं केलंस. आता ती रात्र माझी झाली."

तुमच्याही कपाटाच्या खणात एखादं व्हाउचर पडलं असेल. आज काढून त्याची मागची बाजू वाचा. मुदत बाकी असेल, अटी जमत असतील आणि ते खरोखर तुमचंच असेल, तर घरातल्या थकलेल्या माणसाला घेऊन एक रात्र जरूर राहून या.