मँचेस्टरमधला एक वाढीव दिवस

परक्या शहरात ठरल्यापेक्षा एक दिवस अधिक राहावे लागले, की तो दिवस फुकट गेला असे पुष्कळजण मानतात. आम्हांस तसे वाटत नाही. ठरलेल्या दिवसांवर सभा आणि यजमान यांचा ताबा असतो. या दिवसावर कुणाचाच नसतो. कामगार-चळवळीच्या निमित्ताने आम्ही विलायतेस गेलो असता परतीचे विमान एक दिवस लांबले आणि मँचेस्टर शहर वाट्यास आले. ना ओळख, ना वाटाड्या. अशा वेळी एक युक्ती उपयोगी पडते : आपल्या गावचा माल या गावात कुठे पोचला, त्याचा माग काढीत चालावे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा माल म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथला कापूस येईनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या व वऱ्हाडात कापसाचे भाव चढले. १८७० साली जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, तो या कापसाच्याच व्यापारासाठी.

मँचेस्टरला आम्ही प्रथम लिव्हरपूल रोडचे जुने स्टेशन पाहिले. ते १८३० सालचे असून आता संग्रहालयाचा भाग आहे. लिव्हरपूल बंदरात उतरलेला कापूस या लोहमार्गाने मँचेस्टरकडे येई. तेथून पायी चालत गेले की एका चौकात अब्राहम लिंकनचा पुतळा लागतो. इंग्रजांच्या गावात तो कशासाठी? कापसावाचून गिरण्या बंद पडल्या होत्या, घरोघर उपासमार होती. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी येथील कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. सगळे लँकेशायर त्या मताचे नव्हते. म्हणूनच या सभेचे मोल अधिक. जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना उत्तर धाडले. त्यातला मजकूर पुतळ्याखाली कोरला आहे.

याच कामगारांना आपला कापूस मात्र नकोसा वाटे. त्याचा धागा आखूड, तो वारंवार तुटे. मजुरी कामाच्या मापावर असल्याने तुटलेल्या धाग्याबरोबर त्यांची कमाईही तुटे. वऱ्हाडात ज्या कापसाने पैसा खेळत होता, तोच तेथे मजुराच्या पोटाला चिमटा काढीत होता. प्रिन्सेस स्ट्रीटवरील मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये १८६८ साली ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेस प्रथम भरली. ती इमारत आम्ही त्याच दिवशी पाहिली.

शेवटी रॉयल एक्स्चेंज. या भव्य दालनात कापसाचे सौदे होत. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात माणसे अन्नावाचून मेली. भाव ठरविणाऱ्या या दालनात त्यांचा शब्द कधीच पोचला नव्हता. १९६८ साली तेथले सौदे थांबले आणि १९७६ पासून तेथे नाटके होतात. फलकावर अखेरच्या दिवसाचे भाव मात्र तसेच ठेवले आहेत.

परके शहर असे आपल्या मालाच्या मागाने पाहिले, की ते परके राहात नाही. आणि श्रोतेहो, उद्या कुणी परका माणूस एक दिवस खामगावात अडकला, तर आपण त्याला काय दाखवणार? कापूसबाजार दाखवू, जिनिंग दाखवू. पण गाठी वाहणाऱ्या हमालांची आणि कापूस वेचणाऱ्या बायांची खूण कोणत्या चौकात दाखवू? ती उभारणे हे आपलेच काम आहे.