कापलेले गवत आणि पानांतला निरोप

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखान्यांपुढची हिरवळ कापली, की ताजा वास दरवळतो. उभ्या गवताला तो का येत नाही? कारण तो पानात साठवलेला नसतो. पान कापल्यावर काही क्षणांत तो मेदापासून तयार होतो.

हरितलवकांच्या पटलांत लिनोलेनिक आम्ल हे १८ कार्बनचे मेदाम्ल भरपूर असते. जवसाच्या तेलातही तेच असते. पानाला इजा झाली, की हे आम्ल पटलातून सुटे होते आणि एक विकर त्याला ऑक्सिजन जोडते. पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेने रेणू तुटून सहा कार्बनचे तुकडे हवेत जातात. हाच गवताचा वास. दुसऱ्या वाटेने जास्मोनिक आम्ल हे संप्रेरक बनते. वाहनांच्या धुरातून उन्हात तयार होणाऱ्या ओझोनमुळेही पानांत ते वाढते.

टोमॅटोचे एक पान अळीने कुरतडले, की या संप्रेरकामुळे काही तासांत इतर पानांतही रोधक प्रथिने तयार होऊ लागतात. ती अळीच्या पोटात प्रथिने पचवणाऱ्या विकरांना अडवतात. अळी खाते, पण खाल्लेले अंगी लागत नाही. १९९० मध्ये फार्मर आणि रायन या शास्त्रज्ञांनी दाखवले, की जास्मोनिक आम्लाचे बाष्परूप संयुग शेजारच्या टोमॅटोच्या रोपांनाही असे सावध करते.

मग रोप सदैव सज्ज का राहत नाही? संरक्षणावर खर्च झालेले अन्न वाढीला मिळत नाही, म्हणून. एरवी 'जाझ' नावाची प्रथिने संरक्षक जनुकांना लगाम घालतात. संप्रेरकाचा निरोप आला, की ही प्रथिने नष्ट होतात आणि लगाम सुटतो.

अळीही स्वस्थ बसत नाही. हरभऱ्यावरील घाटे अळीच्या पोटात हरभऱ्याच्या रोधकांना दाद न देणारी विकरे असतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. त्यामुळे फवारणी कमी करायची, तर पिकाच्या एकाच रोधकावर विसंबून चालणार नाही.

वर्गात करून पाहा : मूठभर ताजे गवत चुरडून वास घ्या. तेवढेच गवत पाच मिनिटे उकळून, गार करून चुरडा. आता तो ताजा वास येत नाही. मेद तर पानातच आहे. मग उकळताना काय बिघडले? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.